देवगिरीच्या आधी सिंदखेड राजा

मेहकर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातली कितीतरी वर्षं डिसेंबरातली सहल माझ्याकडे असायची आणि सहल ठरलेली असायची: देवगिरी, वेरूळ, बीबी का मकबरा, जमलं तर पाणचक्की. पहाटे चारला एसटी शाळेसमोर उभी राहायची. कानाला मफलर, हातात दशम्यांचा डबा, अशी पोरं चढायची आणि सुलतानपूर येईपर्यंत झोपून जायची. बिबी, दुसरबीड मागे पडायचं. साडेपाचच्या सुमाराला सिंदखेड राजा यायचं. राजवाड्याचा दरवाजा अगदी रस्त्याला लागून आहे. गाडीच्या दिव्यांचा उजेड क्षणभर त्या दगडांवर पडायचा आणि गाडी जालन्याकडे निघून जायची. मागे बावन्न पोरं झोपलेली. मी जागी असायचे, दरवाजा पाहायचे, मनातल्या मनात नमस्कार करायचे. गाडी थांबवावी असं मला वर्षानुवर्षं सुचलं नाही. देवगिरी लांब, वेळ थोडा, परतायला रात्र होते, हे कारण मला पुरत होतं.

2009 सालची गोष्ट. देवगिरीवर आम्ही चांदमिनार पाहिला, अंधारीतून चाचपडत वर गेलो, वटवाघळांच्या वासाने दोन मुली घाबरल्या, मेंढा तोफेवर पोरांनी हात फिरवले. चिनी महालाशी बसून मी त्यांना गोवळकोंड्याच्या तानाशाहाची हकिकत सांगत होते. 1687 मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि तिथल्या त्या शेवटच्या सुलतानाला इथे आणून कोंडलं, तो शेवटपर्यंत इथेच राहिला, असं सांगता सांगता ओघात म्हणाले की याच किल्ल्यावर 1629 च्या जुलैत निजामशहाच्या दरबारात जिजाऊंच्या वडिलांना, लखुजीराजे जाधवांना मारलं. त्यांच्यासोबत मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव. एका दिवसात घरातल्या तीन पिढ्या.

आठवीतली एक मुलगी उभी राहिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने विचारलं, "मॅडम, मग त्यांना घरी कसं नेलं?"

तिला पुढे आणखी विचारायचं होतं. घर म्हणजे सिंदखेड राजा ना, आपल्या गाडीने इतके तास घेतले, मग तेव्हा किती दिवस लागले असतील, पावसाळा होता म्हणजे नद्यांना पाणी असेल. शंभर किलोमीटरहून जास्त वाट. ती एकेक बोलत होती आणि मी गप्प होते. मग मी विचारलं, "सिंदखेडची लखुजीराजांची समाधी कोणी कोणी पाहिली आहे?" बावन्न पोरांतून चार हात वर आले. त्या पहाटे आम्ही सगळे त्या गावातून गेलो होतो, झोपेत.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं आणि तेच सांगायला मी हा लेख लिहिते आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या मुलांना देवगिरी दाखवायचाच, पण त्याआधी एक अख्खा दिवस सिंदखेड राजात काढल्याशिवाय नाही.

देवगिरी ही बादशाही जागा आहे, यात शंका नाही. यादवांची राजधानी. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथे चालून आला तेव्हा रामदेवराव गादीवर होता. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवून इथे आणली आणि नाव ठेवलं दौलताबाद. पुढे बहामनी, मग निजामशाही, 1633 मध्ये मोगल. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं, गाइडही सांगतात. पण आमच्या पोरांना तो किल्ला परका वाटतो. कुणा सुलतानाचा किल्ला, कुणा बादशहाची तोफ. उंच आहे, दमायला होतं, फोटो छान येतो, इतकंच घेऊन ती घरी येतात.

खरं म्हणजे तो किल्ला जिजाऊंच्या दुःखाचा आहे. बखरी सांगतात त्याप्रमाणे निजामशाही दरबार सुटल्यावर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्याच्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले आणि त्यात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी गेले, शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजीही गेले. माहेर आणि सासर यांच्या तलवारी समोरासमोर आल्या. पुढे लखुजीराजे मोगलांकडे गेले, परत निजामशाहीत आले, आणि दरबारात मुजऱ्याला गेले असताना दगा झाला. तो जुलै महिना होता. पुढच्या वर्षी 19 फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवराय जन्मले. महिने बोटांवर मोजून पाहा. वडील, दोन भाऊ आणि भाचा एका दिवशी गेल्याची बातमी आली तेव्हा त्या माउलीच्या पोटात शिवराय होते.

देवगिरीवर मी गाइडच्या तोंडून हे कधी ऐकलं नाही. ज्या गावाहून तुम्ही आलात त्या गावाजवळच्या राजाचं इथे काय झालं, हे एका वाक्यात सांगितलं तरी पोरं त्या पायऱ्या वेगळ्या पावलांनी चढतील. दरबाराच्या जागी, निदान महाकोटाच्या दरवाजाशी, ही चार नावं लिहिलेला एक फलक असायला हवा. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत.

आता सिंदखेडकडे येते. 2010 च्या डिसेंबरात आम्ही सहल उलटी बांधली. देवगिरी दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि पहिला दिवस पूर्ण सिंदखेड राजाला दिला. तेव्हा काही पालक नाराज झाले. "जवळच तं आहे, ते कधीबी पाहता येते, त्याच्यासाठी पैसे कायले?" असं एका काकांनी विचारलं. मी त्यांनाच विचारलं, "काका, तुम्ही पाहिलं का?" ते म्हणाले, बारा जानेवारीला एकदा गेलो होतो, गर्दीत राजवाड्याच्या दारापर्यंत पोचलो, माथा टेकला अन् आलो.

बारा जानेवारीची गर्दी मला प्रिय आहे. 12 जानेवारी 1598 हा जिजाऊंचा जन्मदिवस. त्या दिवशी लाखो लोक येतात, बाया डोक्याला फेटे बांधून येतात, रात्रभर वाहनं चालू असतात. कोण्या आईच्या नावाने एवढी माणसं जमतात असं दुसरं गाव मला ठाऊक नाही. पण त्या गर्दीत राजवाड्याचा दरवाजा, जन्मस्थान आणि सभेचा मांडव एवढंच पदरात पडतं. गाव राहून जातं. आणि हे गाव म्हणजे एका वाड्याची वस्ती नव्हे. रंगमहाल आहे, जिथे रंगपंचमीच्या दिवशी शहाजीराजे आणि जिजाऊंच्या लग्नाचं बोलणं निघालं असं गाव सांगतं. नीलकंठेश्वराचं देऊळ आहे, जाधवांच्याही आधीच्या काळचं. रामेश्वर आहे. काळाकोट आहे, साकरवाडा आहे. मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, सजना बारव आहे. सगळं एका माणसाला पायी फिरून एका दिवसात पाहता येतं, पण दिवस द्यावा लागतो.

पोरांना मी वही, पेन्सिल आणि एक सुतळी आणायला सांगितली होती. सुतळी मोजमापासाठी, कारण टेप एकच होता. काळाकोटाच्या भिंतींची जाडी वीस फुटांच्या आसपास सांगतात. पोरांनी सुतळी बाजूला ठेवली आणि हात पसरून मोजायला घेतलं, एकाच्या बोटांना दुसऱ्याची बोटं लावून. चौथा पोरगा उभा राहिला तरी भिंत उरली. त्यांच्या तोंडावरचा तो भाव मी विसरणार नाही. एवढी भिंत कुणी कशासाठी बांधली असेल, कुणाची भीती असेल, हा प्रश्न मग मला विचारावा लागला नाही, तो त्यांनीच काढला. देवगिरीच्या खंदकाकडे ही पोरं दुसऱ्या दिवशी कशा नजरेने पाहत होती, ते मी पाहिलं आहे.

पण माझं मन अडकतं ते पाण्याशी. पुतळा बारवेजवळ आलो तेव्हा दुपार झाली होती. चौकोनी बारव, चारी अंगांनी खाली उतरत जाणारा दगड आणि त्या दगडांत बसवलेल्या मूर्ती. कुठे नर्तकी, कुठे देव, कुठे नुसता प्राण्याचा चेहरा. मी एका मूर्तीसमोर बसले. हाताची बोटं झिजलेली, नाक गेलेलं, पण कमरेच्या मेखलेचा एकेक मणी अजून मोजता येत होता. पाठीमागे शेंदराचा जुना डाग. पायाशी कोणीतरी गुटख्याची पुडी टाकलेली. एका मुलीने ती न सांगता उचलली, डब्याच्या पिशवीत ठेवली आणि मग ओढणीच्या टोकाने त्या मूर्तीचा चेहरा पुसू लागली. मी तिला थांबवलं. जुन्या दगडाला घासायचं नसतं, पाणी टाकायचं नसतं, शेंदूर लावायचा नसतो, नुसतं पाहायचं. ती म्हणाली, "मग डोळ्यांत धूळ आहे ना मॅडम तिच्या."

सजना बारवेचं पाणी बंद नाल्यांमधून जमिनीखालून गावाला पुरवलं जाई, असं तिथे सांगितल्यावर पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. आमच्या भागात एप्रिल लागला की मुलींची हजेरी घटते. हंडे घेऊन रांगेत उभं राहायचं, टँकर आला की पळायचं, मग शाळेला उशीर. त्या मुलींना चारशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्याशेजारी जमिनीखालून पाणी वाहून नेणारी माणसं होती हे कळणं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तोफेपेक्षा मोठी गोष्ट होती. मोती तलाव समोरून पाहिला तर बांध वाटत नाही, किल्ल्याचा दर्शनी भाग वाटतो. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत. पाणी अडवायचं तर ते देखणेपणाने अडवायचं, ही ज्यांची दृष्टी होती त्यांना आपण फक्त लढवय्ये म्हणून ओळखतो. जिजाऊ लहानपणी या पाण्याच्या काठाने वाढल्या. पुढे पुण्यात ओसाड पडलेली जमीन पुन्हा कसायला लावणारी बाई कुठून घडली, याचा थोडा पत्ता मला या बारवांमध्ये लागतो. इतिहासाच्या परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळणार नाहीत, तरी मी हे मनापासून मानते.

संध्याकाळी समाधीपाशी गेलो. घुमटाची ती भव्य वास्तू मावळतीच्या उन्हात तांबूस झाली होती. मी आदल्या वर्षीच्या मुलीचा प्रश्न या पोरांना सांगितला. कोणी काही बोललं नाही. दोघी-तिघींनी चपला काढल्या. एकाने वहीत चार नावं लिहिली: लखुजी, अचलोजी, राघोजी, यशवंतराव. दुसऱ्या दिवशी देवगिरीवर त्याने ती वही उघडून गाइडला नावं वाचून दाखवली. गाइडने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या टप्प्यावर स्वतःहून ती सांगितली. एका दिवसाचं काम एवढं होतं.

याच समाधीजवळ 2024 च्या जूनमध्ये जतनाचं काम चालू असताना केंद्राच्या पुरातत्त्व खात्याला देवळाचे दगड लागले, सभामंडप लागला आणि साधारण सव्वादोन मीटर खोलीवर लक्ष्मीची आकृती दिसली. माती काढत गेले तसा शेषशायी विष्णू उघडा झाला. पावणेदोन मीटरच्या जवळपास लांबी, मीटरभर उंची, पायाशी लक्ष्मी, खालच्या पट्टीत समुद्रमंथन. दगड आपल्या काळ्या पाषाणाचा नव्हे, शिस्ट जातीचा, मऊ आणि बारीक कामाचा, दक्षिणेतल्या मूर्तिकारांच्या आवडीचा. मी तेव्हा निवृत्त झाले होते. बातमी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने गेले. लांबूनच पाहता आलं, पण पाहिलं. जाधवांच्या समाधीखाली त्यांच्याही कित्येक पिढ्या आधीचं गाव झोपलेलं होतं आणि आम्ही त्याच्यावरून ये-जा करत होतो.

ही मूर्ती सिंदखेड राजातच राहिली पाहिजे. तिच्यासाठी तिथेच चांगलं, कोरडं, पहारा असलेलं संग्रहालय बांधलं पाहिजे. मेहकरकरांना हे पटवून द्यावं लागत नाही. आमचा शारंगधर बालाजी 1888 मध्ये जमिनीतून निघाला. ती मूर्ती साहेब घेऊन जातील म्हणून लोकांनी घाईघाईने तिची स्थापना करून टाकली, असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. आज माझ्या आईपासून नातीपर्यंत सगळ्यांनी त्या मूर्तीकडे मान वर करून पाहिलं आहे. ती दुसरीकडे कुठे काचेत असती तर मेहकरच्या किती माणसांनी पाहिली असती? सापडलेली वस्तू शहरात नेली की ती सुरक्षित राहते, हे खरं असेल. पण जिथे सापडली तिथल्या पोरांच्या आयुष्यातून ती जाते, हेही तितकंच खरं आहे.

जिल्ह्यात अशा जागा आणखी आहेत. मेहकरचा कंचनीचा महाल ना. घ. देशपांड्यांच्या कवितेमुळे महाराष्ट्राला नावाने तरी माहीत झाला. साखरखेर्ड्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. 1724 मध्ये त्या रानात निजाम-उल-मुल्काने मोगलांचा सुभेदार मुबारिझखान याला मारलं आणि त्यानंतर दख्खन दिल्लीच्या हातून कायमची सुटली. हैदराबादचं राज्य तिथून सुरू झालं. विजयाची खूण म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं होतं. माझ्या वर्गात साखरखेर्ड्याची मामेकुळं असलेली पोरं असायची. त्यांना हैदराबादचा चारमिनार चित्रात ओळखता यायचा आणि मामाच्या गावचं हे युद्ध माहीत नसायचं.

म्हणून शाळांना आणि सहलींना परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी. जिल्ह्यातली प्रत्येक सहल पहिला दिवस जिल्ह्यात काढेल असं करा. दिवसात पाच ठिकाणं न दाखवता दोनच दाखवा आणि मुलांना तिथे बसू द्या, मोजू द्या, चित्र काढू द्या. सिंदखेडच्या बारावी झालेल्या मुलींना माहितगार म्हणून शिकवा आणि त्यांना मानधन द्या. आपल्या गावाबद्दल त्या जे सांगतील ते बाहेरच्या गाइडला जमणार नाही. बारवांतला गाळ आणि कचरा काढण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीच व्हावं, उत्साहात कोणी फावडं घेऊन उतरू नये, पण ते दरवर्षी पावसाळ्याआधी व्हावं. समृद्धी महामार्गाने नागपूरहून निघालेली माणसं सिंदखेड राजाच्या फाट्यावरून ताशी एकशेवीसच्या वेगाने पुढे जातात. त्यांनाही सांगणं आहे, दोन तास काढा. आणि बारा जानेवारीला येणाऱ्या माझ्या सगळ्या बहिणींना सांगणं आहे, तेरा तारखेची सकाळ गावातच काढा. गर्दी ओसरलेली असते. पुतळा बारवेवर त्या वेळी ऊन तिरपं पडतं आणि मूर्तींचे चेहरे स्पष्ट दिसतात.

ती प्रश्न विचारणारी मुलगी आता जालन्याला असते. मागच्या वर्षी तिने फोन केला होता. तिचा मुलगा पहिलीत आहे. म्हणाली, "मॅडम, त्याला घेऊन समाधीवर गेले होते. त्याने पण तेच विचारलं."

माझ्या जुन्या शाळेची या डिसेंबरची सहल ठरली आहे आणि मला सोबत बोलावलं आहे. गाडी पहाटे चारलाच निघेल. ड्रायव्हरदादांना मी आधीच सांगून ठेवलं आहे, साडेपाचला राजवाड्यासमोर गाडी उभी करायची, आतले दिवे लावायचे, आणि पोरं झोपली असतील तर एकेकाला नाव घेऊन उठवायचं.